नॉर्थगेट फेरीचं मंगळम

रविवारी सकाळी अनिरुद्धराव मेलवीदीवरच्या घराचा जिना चढून आले, तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांवर एक काळा खोका होता. नवरात्रात कोलूच्या पायऱ्यांवर मांडायची मातीची बाहुली जशी जपून आणतात, तसा ते तो आणत होते. मागून पापनाशमहून सकाळच्या पॅसेंजरनं आलेला नामदेव हात पुढं धरून चढत होता. खोका निसटलाच तर झेलायचा, हा त्याचा बेत.

"तू पुढं हो," अनिरुद्धराव न वळता म्हणाले. "तुझ्या हातून काय काय पडलंय ते मी बघत आलोय."

श्रीविद्यानं दार उघडलं आणि खोक्याला वाट करून दिली. झाकणावर चंदेरी इंग्रजी अक्षरांत बँडचं नाव होतं, नॉर्थगेट फेरी. आत दहा सीडी आणि फोटोंची एक जाड पुस्तिका.

नॉर्थगेट फेरी म्हणजे इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका बंदरगावातली पाच पोरं. सत्तरच्या दशकात ती गाजली आणि मग आपसात भांडून कोर्टात गेली. गाण्यांच्या हक्कांचा वाद मिटेना, म्हणून वर्षानुवर्षं त्यांची गाणी ना दुकानात मिळायची, ना इंटरनेटवर. ज्यांच्याकडं जुन्या तबकड्या होत्या त्यांच्यापुरता तो बँड जिवंत होता. आता वाद मिटला होता आणि बँडनं वाजवलेलं, अर्धवट सोडलेलं, फेकून दिलेलं सगळं गोळा होऊन या खोक्यातून बाहेर आलं होतं. तंजावुरात या बँडचे चाहते तिघं, आणि तिघंही रविवारी याच खोलीत बसत. अनिरुद्धराव हे श्रीविद्याचे चुलतभाऊ, विमा कंपनीतून निवृत्त झालेले. नामदेव भातगिरणीवर मॅनेजर. श्रीविद्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करून घरी बसलेली.

या खेपेला मात्र नुसतं ऐकून भागणार नव्हतं. गावाबाहेरच्या एका कॉलेजचं छोटं रेडिओ केंद्र होतं. तिथं कार्यक्रम करणाऱ्या साईप्रिया नावाच्या मुलीनं या तिघांबद्दल कुठून तरी ऐकलं आणि ती श्रीविद्याला भेटून गेली होती. या बँडवर एक तासाचा कार्यक्रम करायचा. गाणी श्रीविद्यानं निवडायची, क्रम तिनंच लावायचा, बोलायचंही तिनंच. श्रीविद्यानं होकार दिला होता. तो देणं तिला किती जड गेलं, हे फक्त तिच्या नवऱ्याला कळलं.

श्रीविद्याचा आवाज एके काळी पांढरी पाचमध्ये सहज फिरायचा. तंजावुरात त्याला पाच कट्टै म्हणतात. राजवाड्यामागच्या गल्लीत शेषम्मा गाणं शिकवायच्या, त्यांच्याकडं ती लहानपणापासून जायची. विशीत तिची पहिली कच्चेरी ठरली. मैफिलीच्या पत्रिका छापून आल्या आणि त्याच आठवड्यात गळ्याला गाठ आली. शस्त्रक्रिया नीट झाली, गाठ साधी निघाली, घरच्यांनी देवळात नारळ फोडले. फक्त तिचा वरचा षड्ज परत आला नाही. आवाज त्या जागेपर्यंत जायचा आणि जिना संपल्यासारखा थांबायचा. कच्चेरी आधी पुढं ढकलली, मग तिचा विषयच कुणी काढेना. पुढं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिला नोकरी लागली. जरा खरखरीत, खालचा आवाज तिथं चालत होता. लोकांची लोकांशी गाठ घालून देण्यात तिची सगळी नोकरी गेली.

पण नोकरीआधीचं एक वर्ष वाईट गेलं. शेजारच्या घरात रेडिओवर गाणं लागलं की श्रीविद्या उठून मागच्या खोलीत जायची. अनिरुद्धराव तेव्हा चेन्नईत कॉलेजात होता. पोंगलच्या सुट्टीत तो हॉस्टेलमधल्या मित्राच्या चार तबकड्या, एक रेकॉर्डप्लेअर आणि एक उसना टेपरेकॉर्डर घेऊन आला. जिचा आपल्या गाण्याशी काडीचाही संबंध नाही अशी काहीतरी वस्तू बहिणीच्या पुढ्यात ठेवायची, एवढंच त्याच्या मनात होतं. तबकड्या परत करायच्या होत्या, म्हणून त्यानं तिला सांगितलं, "तू यांची कॅसेट करून ठेव, मी मामाकडं जाऊन येतो."

तबकड्यांना वेष्टणं नव्हती. मधल्या गोल कागदावर हॉस्टेलच्या पोरांनी आपापल्या नावाच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. कोणती तबकडी आधीची, कोणती नंतरची, गाण्याचं नाव काय, काहीच कळायला मार्ग नव्हता. श्रीविद्या दोन दिवस एकटी बसून ऐकत राहिली. पहिल्या दिवशी तिला तो निव्वळ गोंगाट वाटला. दुसऱ्या दिवशी गोंगाटात माणसं दिसायला लागली. तिसऱ्या दिवशी तिनं कॅसेट भरली, आणि भरताना तिचे हात जे शिकले होते तेच त्यांनी केलं. कच्चेरी लावली. चपळ, लांबच लांब तानांचं गिटारचं गाणं पहिलं, कच्चेरी सुरू होते त्या वर्णमच्या जागी. मग दोन मध्यम गाणी. मग एक संथ, मन उदास करणारं. मग मधोमध सगळ्यांत मोठं, पाऊण बाजू खाणारं गाणं. आणि मोठ्या गाण्यानंतर काय येतं? तंजावुरातल्या कोणत्याही मुलीला विचारा. मृदंगवाला एकटा वाजवतो, तनि आवर्तनम. आणि खरोखरच एका तबकडीवर नुसत्या ड्रमचा तुकडा होता, मागंपुढं गाणं नसलेला.

श्रीविद्याला त्यात काहीच चुकीचं दिसलं नाही. तबकडीच्या बाजूवर जागा पुरली नसेल, म्हणून कंपनीनं बिचाऱ्या ड्रमवाल्याला कापून दुसरीकडं चिकटवलं असेल, असा तिनं विचार केला. हातानं ताल धरून, पॉजचं बटण बरोबर समेवर सोडून तिनं मोडलेली वस्तू जोडावी तसे ते दोन तुकडे जोडले. शेवटी एक छोटं, शांत गाणं, ज्यात गाणाऱ्याचा आवाज एकदाच खूप वर जातो आणि खाली उतरतो. मंगळम. त्याशिवाय कच्चेरी संपत नाही.

पुढं त्या कॅसेटवरून किती कॅसेटी निघाल्या याचा हिशेब नाही. नामदेवनं ती बसमध्ये ऐकली आणि पत्ता विचारत घरी आला. अनिरुद्धराव नोकरीला लागला, तबकड्या विसरला, कॅसेट त्याला पाठ झाली. गाण्यांना तिघांनी आपली नावं ठेवली: धावतं, होडीचं, मोठं, मंगळम. कॅसेट झिजायला लागल्यावर अनिरुद्धरावांच्या मुलानं ती कॉम्प्युटरवर घेतली, तिच्यातल्या खरखरीसकट. नामदेव तर एकदा चेन्नईत जुन्या चाहत्यांच्या बैठकीला गेला होता. मोठ्या गाण्यातलं ड्रम कसं समेवर येतं हे तिथं तो रंगून सांगायला लागला, तेव्हा सगळे हसले. अशी काही जागा त्या गाण्यात नाहीच, असं त्यांनी त्याला सांगितलं. तेव्हापासून चेन्नईच्या लोकांना ऐकता येत नाही, हे नामदेवचं ठाम मत होतं.

श्रीविद्याचं लग्न झालं तेव्हा कॅसेटही सासरी आली. नवरा सूर्यनारायण ओरत्तनाडूला शाळेत मास्तर होता. त्याला गाण्यातलं काही कळत नसे आणि त्याचं त्याला दुःखही नव्हतं. पण गाण्याच्या सभेतल्या रिवाजाप्रमाणं तनि सुरू झाली की कॉफीला उठायचं, एवढं त्याला माहीत होतं. दर रविवारी ड्रम वाजायला लागले की तो स्वयंपाकघरात जाई आणि ते संपता संपता चार टंबलर घेऊन येई. या कामात तो कधीही चुकला नव्हता.

तर त्या रविवारी खोका उघडला. अनिरुद्धरावांनी पहिली सीडी लावली, आणि पहिलंच गाणं सुरू झालं ते मंगळम.

नामदेव म्हणाला, सीडी उलटी घातली असेल. सीडी उलटी वाजत नाही, हे त्याला समजावण्यात थोडा वेळ गेला. अनिरुद्धरावांनी पुस्तिका चाळली. बँडनं पहिल्यांदा काय ध्वनिमुद्रित केलं, तर हेच. गाणारा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. तिसऱ्या सीडीवर मोठं गाणं आलं. सगळे पुढं सरकून बसले. गाणं संपलं, आणि त्यापुढं भलतंच काहीतरी सुरू झालं. सूर्यनारायण अर्धा उठला होता, तो तसाच उभा राहिला.

"मग कॉफी कधी?" त्यानं विचारलं.

ड्रमचा तुकडा निघाला पाचव्या सीडीवर. मोठ्या गाण्यानंतर चार वर्षांनी, वेगळ्या गावात, वेगळ्याच ड्रमवाल्यानं वाजवलेला. पहिला ड्रमवाला तोवर बँड सोडून गेला होता.

नामदेवनं पुस्तिका ओढून घेतली आणि ती तारीख स्वतः बघितली. मग म्हणाला, "अक्का, म्हणजे त्या दिवशी चेन्नईत..."

"बरोबर होते ते," श्रीविद्या म्हणाली.

त्यानंतर दोन रविवार खोक्याची चिकित्सा चालली. अनिरुद्धराव पूर्ण खोक्याच्या बाजूनं. त्यांचं म्हणणं, आजवर आपण पडद्याआडून ऐकत होतो, आता पडदा निघाला. गाणारा श्वास घेतो ते ऐकू येतं, स्टूल करकरतं ते ऐकू येतं. गाणी जन्मली त्या क्रमानं लावल्यावर पोरं कशी मोठी झाली, कशी भांडायला लागली, ते कानांनी कळतं. नामदेवचं म्हणणं उलट. इतकं धुतलं की कापडाचा रंगच गेला, असं तो म्हणे. शिवाय एकच गाणं तीन तीनदा. पहिला प्रयत्न, दुसरा प्रयत्न, तिसऱ्यात कुणीतरी खोकतो. एकच सांबार तीन वाट्यांत वाढलं म्हणून काय तीन पदार्थ होतात? शेवटच्या दोन सीडींबद्दल मात्र दोघांचं एकमत होतं. भरतीचा माल. अनिरुद्धरावांनी जगभरच्या चाहत्यांची मतं मोबाइलवर वाचली होती, तेही हेच म्हणत होते. दहाव्या सीडीवर तर बँड फुटल्यानंतर कित्येक वर्षांनी गाणारा आणि गिटारवाला यांनी कुणाच्या तरी घरी बसून वाजवलेलं होतं. आवाज गेलेला, बोटं जड झालेली. हे लोकांपुढं आणायलाच नको होतं, असं अनिरुद्धराव म्हणाले. माणसाची अब्रू म्हणून काही असते. ती सीडी त्यांनी ऐकायलाही लावली नाही.

श्रीविद्या या वादात पडली नाही. दोघं बोलत असताना ती खोक्याच्या कडेवरून बोट फिरवत बसायची. तिच्या मनात वेगळंच चाललं होतं. तिची एकच कच्चेरी झाली होती आणि ती त्या कॅसेटवर. तिच्यात तिनं तोंडातून एक स्वर काढला नव्हता, पण कुठं काय यावं हे तिनं ठरवलं होतं, आणि तीन माणसं इतकी वर्षं ते ठरवणं ऐकत होती. आता कळत होतं, की तनि दुसऱ्याची होती आणि मंगळम म्हणजे एकोणीस वर्षांच्या पोराची सुरुवात होती. ती रेडिओवर बसून काय सांगणार?

बुधवारी तिनं साईप्रियाला फोन करून सांगितलं, की आपल्याऐवजी अनिरुद्धराव बोलतील. त्यांना तारखा ठाऊक आहेत, क्रम ठाऊक आहे. साईप्रियानं कारण विचारलं. श्रीविद्यानं घशाचं कारण दिलं. ते खोटं नव्हतं, पण चाळीस वर्षं जुनं होतं. साईप्रिया म्हणाली, शुक्रवारपर्यंत विचार करा.

गुरुवारी दुपारी सूर्यनारायण बँकेत गेला होता. श्रीविद्यानं खोक्यातून दहावी सीडी काढली. ती का काढली, हे तिला सांगता आलं नसतं. कदाचित बाकीच्या नऊंबद्दल सगळ्यांचं बोलून झालं होतं म्हणून.

पहिली तीन गाणी खरोखरच बेताची होती. चौथं मंगळम होतं. गिटारवाल्यानं चार स्वर वाजवले आणि श्रीविद्यानं मान वर केली. श्रुती, म्हणजे गाण्याची पट्टी, खाली होती. थोडीथोडकी नाही, चांगली अडीच कट्टै. म्हातारा झालेल्या गाणाऱ्यानं सगळं गाणंच उचलून खाली आणलं होतं. आवाज फाटका होता, पण स्वरावर बसत होता. ती त्या एका जागेची वाट बघायला लागली, जिथं एकोणीस वर्षांचा पोरगा वर जातो. एवढ्या खालूनही हा तिथं पोहोचणार नाही, हे तिला आधीच कळलं. तिची बोटं साडीच्या काठात अडकली. जागा आली. म्हातारा तिथं गप्प झाला. गिटार एकटं वर गेलं, सावकाश, एकेक स्वर चढत, आणि ते खाली येईपर्यंत तो थांबला. मग त्यानं पुढची ओळ घेतली, जणू वर तोच जाऊन आला होता.

श्रीविद्यानं ते गाणं पुन्हा लावलं. आणखी एकदा लावलं.

श्रुती उतरवून गाता येतं, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. शेषम्मांनी तेव्हाच सांगितलं होतं, "दोन कट्टै खाली ये, वरचं व्हायोलिनवाला बघेल." विशीतल्या श्रीविद्याला तो अपमान वाटला होता. पाचमध्ये गाणाऱ्या मुलीनं तीनमध्ये का गावं? ती पुन्हा त्या गल्लीत गेली नाही. शेषम्मा गेल्या तेव्हा ती कामावर होती, आणि सुट्टी मिळत असूनही तिनं घेतली नव्हती.

सूर्यनारायण बँकेतून परत आला तेव्हा ती साईप्रियाला फोनवर सांगत होती, की मीच येते.

शनिवारी कॉलेजला जाताना गाडीत अनिरुद्धरावांनी तिनं लावलेला क्रम ऐकला आणि ते अस्वस्थ झाले. सुरुवात पहिल्या ध्वनिमुद्रणानं, हे त्यांना पटलं. पण मोठ्या गाण्यामागं ड्रमचा तुकडा तिनं पुन्हा जोडला होता, आणि शेवटी दहावी सीडी. त्यांचं म्हणणं असं, की हा कार्यक्रम इंटरनेटवरून चेन्नईचे लोकही ऐकतील. चूक कळल्यावर पुन्हा तीच चूक करायची, वर भरतीचा माल वाढायचा, तर एवढा खोका आणला कशाला?

"अण्णा, खोका नसता तर तो म्हातारा मला भेटला नसता," श्रीविद्या म्हणाली. "मला अस्कं, सगळंच्या सगळं खरं सांगायचंय. ते दोन तुकडे वेगळे आहेत, हेही सांगणार. आणि मग जोडूनच लावणार."

"का पण?"

"तंजावुरात मोठ्यानंतर तनि येते, म्हणून. ती पोरं इथं आली असती तर त्यांनाही कुणीतरी सांगितलं असतं."

मागच्या सीटवरून नामदेव म्हणाला, "राव, तुम्ही तुमचा वेगळा तास मागा की. तारखांचा."

अनिरुद्धराव खिडकीबाहेर बघत राहिले. वाटेत भाताची लावणी चालली होती, तिकडं बघण्यासारखं पुष्कळ होतं. कॉलेजच्या फाटकाशी आल्यावर ते एवढंच म्हणाले, की दुसऱ्या ड्रमवाल्याचं नाव तरी नीट घे, पहिल्याला श्रेय जाऊ देऊ नकोस.

स्टुडिओ म्हणजे भिंतींना स्पंज लावलेली एक खोली होती. काचेपलीकडं साईप्रिया बसली, तिच्या मागं हे दोघं. साईप्रियानं आवाजाची पातळी बघायला श्रीविद्याला काहीही बोलायला सांगितलं. लोक अशा वेळी नाव सांगतात, एक दोन तीन म्हणतात. श्रीविद्यानं माइककडं बघितलं, पाठ ताठ केली, मांडीवर हात ठेवला आणि षड्ज लावला. खालचा, तीन कट्टैचा. तो किंचित थरथरला, मग बसला आणि श्वास पुरेपर्यंत राहिला.

साईप्रियानं बटण जरा फिरवलं आणि पातळी ठीक आहे म्हणून अंगठा दाखवला. नामदेवनं अनिरुद्धरावांकडं पाहिलं. शस्त्रक्रियेनंतर तिचा गाता आवाज अनिरुद्धरावांनी कधी ऐकला नव्हता. त्यांनी चष्मा काढला आणि तो पुसण्यात पुष्कळ वेळ घालवला.

कार्यक्रम पुढच्या रविवारी सकाळी लागला. सगळे मेलवीदीच्या घरी, रेडिओ मध्ये. श्रीविद्याचा आवाज रेडिओतून आला तेव्हा तिला तो अनोळखी वाटला, पण वाईट वाटला नाही. मोठ्या गाण्याच्या आधी तिनं तबकड्यांची सगळी गोष्ट सांगितली. आपली चूक सांगताना ती रेडिओत हसली होती, आणि ते ऐकून इथं नामदेवही हसला. चेन्नईच्या लोकांवरचा आरोप त्यानं अजून मागं घेतला नव्हता, पण सौम्य केला होता. ड्रम सुरू झाले आणि सूर्यनारायण उठला.

तो टंबलर घेऊन आला तेव्हा शेवटचं गाणं लागलं होतं. अनिरुद्धराव दहावी सीडी पहिल्यांदाच ऐकत होते. म्हातारा त्या जागेपाशी आला आणि थांबला. गिटार वर चढायला लागलं. गिटार खाली आलं, आणि पुढच्या ओळीला म्हाताऱ्याबरोबर श्रीविद्याही गुणगुणायला लागली, त्याच्याच श्रुतीत, शब्द नीट माहीत नसल्यामुळं नुसत्या आकारात.

सूर्यनारायणनं तिच्या पुढ्यात कॉफी ठेवली नाही. तिची ओळ पुरी होईपर्यंत टंबलर हातात धरून तो तिथंच उभा राहिला.